व्हिनेगर आणि आपलं धुणं : कुठे वापरायचं, कुठे अजिबात नाही



नवरात्र जवळ आलं की आपल्या घराघरांत दसरा काढायची गडबड सुरू होते. गोधड्या, चादरी, पडदे, कपाटातल्या साड्या, सगळं एकदा बाहेर निघतं आणि दोरीवर चढतं. याच दिवसांत गटांच्या बैठकींमध्ये एक प्रश्न बऱ्याच जणींनी विचारला. "ताई, मोबाईलवर दाखवतात की धुण्यात व्हिनेगर टाकलं की कपडे मऊ होतात, वास जातो, रंग पक्का होतो, जंतू मरतात. हे खरं आहे का? आणि आपल्याला परवडेल का?"

याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्ध्या खऱ्या आणि एक-दोन गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत. म्हणून या अंकाचा पाठ व्हिनेगरवर. पाठ बैठकीत मोठ्याने वाचा, मधले प्रयोग करून बघा आणि शेवटच्या प्रश्नांवर चर्चा करा.

१. व्हिनेगर म्हणजे काय?

व्हिनेगरला जुना शब्द शिरका. उसाचा रस, जांभूळ, द्राक्षं अशा गोड पदार्थांपासून तो करतात. गोव्याकडे माडाच्या ताडीपासून करतात. गोड रस आधी आंबतो, त्याची दारू होते आणि ती आणखी आंबली की व्हिनेगर होतं. दुकानात मिळणारं पांढरं, पाण्यासारखं दिसणारं व्हिनेगर बहुतेक वेळा कारखान्यात ॲसिटिक ॲसिड पाण्यात मिसळून केलेलं असतं. त्याच्या बाटलीवर 'सिंथेटिक' असं लिहिलेलं असतं.

खाण्याच्या व्हिनेगरमध्ये ॲसिड साधारण ४ ते ५ टक्के असतं, बाकी सगळं पाणी. म्हणजे १०० मिलीमध्ये जेमतेम एक छोटा चमचाभर ॲसिड. लिंबू, चिंच, कोकम, ताक यांच्या जातीचंच हे आंबट. चिंचेने तांब्याची भांडी घासून आपण लख्ख करतो. तिथे जे काम चिंचेतलं आंबट करतं, तेच धुण्यात व्हिनेगरने करावं अशी आपली अपेक्षा असते.

धुण्यासाठी वापरायचं तर फक्त पांढरं व्हिनेगर घ्या. उसाचं, जांभळाचं, सफरचंदाचं रंगीत असतं, त्याचा डाग कपड्यावर पडू शकतो.

२. हळदीचा प्रयोग

व्हिनेगर नेमकं काय करतं हे समजायला हळदीसारखी दुसरी सोपी वस्तू नाही. जेवताना पांढऱ्या कपड्यावर आमटी सांडली आणि त्यावर साबण लावला की पिवळा डाग एकदम लाल होतो, हे आपण प्रत्येकीने पाहिलं आहे. पूर्वी घरी हळदीत चुना घालून कुंकू करायचे, तेही याच कारणाने लाल व्हायचं.

बैठकीत हे करून बघा. जुन्या पांढऱ्या कापडाच्या तुकड्याला ओल्या हळदीचं बोट लावा. त्यावर साबणाचं पाणी टाका, डाग लाल होईल. आता त्याच जागी व्हिनेगरचे चार थेंब टाका. डाग पुन्हा पिवळा होईल.

यातून दोन गोष्टी समजतात. साबण, धुण्याचा सोडा, चुना, राख ही एका बाजूची मंडळी. लिंबू, चिंच, व्हिनेगर ही दुसऱ्या बाजूची. दोन्ही बाजू समोरासमोर आल्या की एकमेकांचा जोर मोडतात. दुसरी गोष्ट, व्हिनेगरने डाग पिवळा झाला, पण गेला नाही. हळदीचा डाग घालवतं ते ऊन. साबणाने धुऊन ओला कपडा कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवला की डाग आपोआप फिका पडतो. त्यासाठी व्हिनेगर विकत आणायची गरज नाही.

बाकीचा सगळा पाठ या एका प्रयोगावरच उभा आहे, तो लक्षात ठेवा.

३. आपलं पाणी जड का?

आपल्यापैकी बऱ्याच गावांत धुणं बोअरच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर होतं. पावसाचं पाणी जमिनीत मुरताना खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेऊन येतं. यालाच आपण पाणी जड आहे, क्षाराचं आहे असं म्हणतो. त्याच्या खुणा रोजच्याच आहेत. तूरडाळ लवकर शिजत नाही, पाणी तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर धरतो, नळाच्या तोंडाशी खडे जमतात आणि साबण कितीही घासला तरी फेस येत नाही.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे २०१२ च्या आयएस १०५०० मध्ये, पाण्याचा जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं म्हटलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. ग्रामपंचायतीकडे पाणी तपासणीचा अहवाल असतो, त्यात 'एकूण कठीणपणा' या नावाने हा आकडा शोधा.

घरच्या घरी बघायचं असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत पावसाचं साठवलेलं पाणी. दोन्हीत अंगाच्या साबणाचा सारखाच किस टाका आणि जोरात हलवा. पावसाच्या पाण्यात भरपूर फेस येईल. बोअरचं पाणी जड असेल तर फेस कमी आणि पाणी दह्याच्या निवळीसारखं गढूळ होईल. त्या गढूळपणात साबण आणि क्षार यांची चिकट साय असते. हीच साय कपड्यात अडकते. मग पांढरा सदरा मळकट राखाडी दिसतो, टॉवेल पापडासारखा कडक होतो आणि काळ्या परकरावर वाळल्यावर पांढरे पट्टे उमटतात. कपडे धुण्याच्या काही स्वस्त वड्यांमध्ये वजन वाढवायला खनिजाची पूड घातलेली असते, तीही कपड्यात राहते.

हा थर साबणाच्या बाजूचा. म्हणून तो काढायला आंबट लागतं. व्हिनेगरचं धुण्यातलं खरं काम हेच आहे.

४. कसं वापरायचं?

*शेवटच्या पाण्यात.* कपडे नेहमीसारखे साबणाने किंवा पावडरने धुवा. दोन पाण्यांतून चांगले खळबळून काढा, फेस राहता कामा नये. मग अर्धी बादली पाणी, म्हणजे साधारण ५ लिटर, घ्या. त्यात ३ ते ४ मोठे चमचे, म्हणजे साधारण ५० मिली, पांढरं व्हिनेगर टाका. आधी पाणी, मग व्हिनेगर आणि हलवून मगच कपडे. व्हिनेगर कपड्यावर थेट ओतू नका. १० ते १५ मिनिटं भिजू द्या, पिळा आणि उन्हात टाका. ओल्या कपड्याला थोडा आंबट वास येईल, वाळल्यावर तो उडून जातो. लहान बाळाचे कपडे, आतले कपडे किंवा ज्यांच्या अंगाला लगेच खाज सुटते त्यांचे कपडे असतील तर पुन्हा एकदा साध्या पाण्यातून काढा.

बादली पूर्ण का भरायची नाही? कारण पाणी जितकं जड तितकं व्हिनेगर त्या पाण्यातल्याच क्षारांशी भांडण्यात संपतं, कपड्यापर्यंत पोहोचतच नाही. पाणी कमी घेतलं की थोड्या व्हिनेगरमध्ये काम होतं. पावसाचं पाणी साठवलेलं असेल तर शेवटची खळबळणी त्यातच करा, मग व्हिनेगरची फारशी गरजच उरत नाही.

*लघवीचा वास.* लंगोट, दुपटी, अंथरुणाला खिळलेल्या आजी-आजोबांच्या चादरी यांना जो उग्र वास येतो तो अमोनियाचा. अमोनिया साबणाच्याच बाजूचा, म्हणून व्हिनेगर त्याला मारतं. कपडा आधी साध्या थंड पाण्यातून काढा. मग अर्ध्या बादलीला १०० मिली व्हिनेगर या प्रमाणात अर्धा तास भिजवा. पुन्हा साध्या पाण्यातून काढा आणि त्यानंतर साबणाने धुवा. अख्ख्या गोधडीला हा खर्च परवडणार नाही. तिथे जेवढा भाग ओला झाला तेवढ्याच भागाला करा, बाकी काम उन्हाला द्या.

*टॉवेलचा कुबट वास आणि कडकपणा.* महिन्यातून एकदा शेवटच्या पाण्यात व्हिनेगर पुरे. बाजारातली कपडे मऊ करायची सुगंधी औषधं धाग्यावर एक थर चढवतात, त्यामुळे टॉवेल पाणी कमी टिपतो. व्हिनेगर थर चढवत नाही, असलेला थर काढतं.

*लोखंडाचे तांबूस डाग.* खिळ्याचे, तारेचे किंवा पाण्यातल्या लोहाचे डाग आंबटाने सुटतात. पण इथे व्हिनेगरपेक्षा लिंबू आणि मीठ जास्त जोरकस. डागावर मीठ टाका, लिंबू पिळा, तासभर उन्हात ठेवा आणि स्वच्छ धुवा. रंगीत कपडा असेल तर आधी आतल्या शिवणीवर करून बघा. अशा डागावर ब्लीच कधी टाकू नका, डाग आणखी पक्का बसतो.

५. जिथे व्हिनेगरचा उपयोग नाही

*साबणासोबत.* साबणाच्या पाण्यातच व्हिनेगर टाकलं तर साबणाचा जोर जातो, उलट त्याच्या चिकट गुठळ्या कपड्याला लागतात. साबण आधी, खळबळणी मध्ये, व्हिनेगर शेवटी, हाच क्रम.

*सोड्यासोबत.* खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फसफसतं. व्हिडिओत ते छान दिसतं. पण फसफसून झाल्यावर मागे उरतं ते जवळजवळ खारट पाणी. दोन्ही पैसे वाया.

*रंग पक्का करायला.* नवी सुती साडी मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवली की रंग जात नाही, असं आपल्याकडे सर्रास सांगतात. रेशीम आणि लोकर रंगवताना काही रंगांना आंबट लागतं, हे खरं. पण ते रंगवणाऱ्याच्या भट्टीत. सुती कापडावरचा कच्चा रंग घरच्या बादलीत व्हिनेगरने पक्का होत नाही. नवी साडी पहिल्या दोन-तीन वेळा वेगळी धुवा, थंड पाणी घ्या, फार वेळ भिजत ठेवू नका आणि सावलीत वाळवा.

*तेलकट, तुपकट डाग.* तेल काढायचं काम साबणाचंच. ओट्यावरच्या फडक्याचा किंवा गॅरेजमध्ये काम करणाऱ्याच्या शर्टाचा चिकटपणा व्हिनेगरने जात नाही.

*आजारी माणसाचे कपडे.* व्हिनेगरने काही जंतू कमी होतात, पण ते भरवशाचं जंतुनाशक नाही. जुलाब, उलट्या, खरूज असलेल्या माणसाचे कपडे आणि अंथरूण वेगळं ठेवा, कडक गरम पाण्यात साबण घालून धुवा आणि उन्हात पूर्ण वाळवा. 'व्हिनेगर टाकलंय, आता काळजी नाही' असं समजून गरम पाणी आणि ऊन वगळलं तर आजार घरभर फिरेल.

*पाळीचं कापड आणि कापडी पॅड.* आधी थंड पाणी, मग साबण, मग भरपूर स्वच्छ पाणी आणि शेवटी ऊन. इथे व्हिनेगरची गरज नाही. नाजूक जागेच्या कातडीला राहिलेलं आंबट झोंबू शकतं. कापड दुसऱ्या कपड्याखाली लपवून दमट कोपऱ्यात वाळवायची सवय मात्र सोडायलाच हवी. उघड्यावर, उन्हात वाळलेलं कापड सगळ्यात चांगलं.

*फवारणीचे कपडे.* हे नीट वाचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा आपण विसरलेलो नाही. फवारणी करणाऱ्याचे कपडे बहुतेक घरांत बाईच धुते आणि विष तिच्या हातांवाटे अंगात जाऊ शकतं. व्हिनेगरने कीटकनाशक निघत नाही. हे कपडे त्याच दिवशी, घरच्या इतर धुण्यापासून वेगळे, रबरी हातमोजे घालून धुवा. आधी नुसत्या पाण्यातून काढा, मग गरम पाण्यात पावडर घालून दोनदा धुवा आणि उन्हात टाका. ते पाणी विहीर, हौद, गोठा आणि ओढ्यापासून लांब टाका. बादली वेगळी ठेवा. घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई असेल तर हे काम तिच्यावर टाकू नका. फवारणाऱ्यानेच आपले कपडे धुतले तर सगळ्यात उत्तम.

६. व्हिनेगर आणि ब्लीच : कधीच एकत्र नाही

या पाठातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. ब्लीच आणि कुठलंही आंबट एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हाच वायू १९१५ साली पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता.

ब्लीच म्हणजे कोणकोणत्या वस्तू? पांढऱ्या कपड्यांसाठी बाटलीत मिळणारं पातळ ब्लीच. ग्रामपंचायत पाण्यात टाकते ती टीसीएल किंवा ब्लिचिंग पावडर. पिण्याच्या पाण्यात घालायचे क्लोरीनचे थेंब. या सगळ्यांत तोच क्लोरीन आहे. आणि आंबट म्हणजे फक्त व्हिनेगर नव्हे. लिंबू, लिंबूफूल आणि संडास धुवायचं ॲसिडही त्यातच आलं. संडासचं ॲसिड तर व्हिनेगरपेक्षा कितीतरी जास्त जोरकस, त्यामुळे धोकाही जास्त.

घरात हे कसं घडतं? कोणी मुद्दाम करत नाही. पांढरे कपडे आणखी पांढरे व्हावेत म्हणून एकीने बादलीत ब्लीच टाकलेलं असतं आणि दुसरी त्याच बादलीत व्हिनेगर ओतते. किंवा न्हाणीत ब्लिचिंग पावडर टाकून ठेवलेली असते आणि वरून ॲसिडने फरशी घासली जाते. आपली न्हाणीघरं लहान, खिडकी असली तर वीतभर. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणजे पाटावर बसून धुणं धुणाऱ्या बाईला आणि तिच्या शेजारी खेळणाऱ्या लेकराला तो आधी लागतो.

ज्या दिवशी कपड्याला ब्लीच वापरलं त्या दिवशी त्या कपड्याला आणि त्या बादलीला व्हिनेगर नाही, असा नियमच करून टाका. डाग काढायच्या वेगवेगळ्या पावडरीही व्हिनेगरमध्ये मिसळू नका.

डोळे चुरचुरायला लागले, घसा जळजळला, खोकल्याची उबळ आली, छाती आवळल्यासारखी झाली तर:

- ताबडतोब बाहेर मोकळ्या हवेत या, लेकरांना आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर काढा. बादली ओतायला, फरशी धुवायला आत थांबू नका.
- वायूपासून लांब, थोड्या उंच जागेवर जा.
- डोळे साध्या स्वच्छ पाण्याने १५ मिनिटं धुवा. अंगावर काही उडालं असेल तर कपडे काढून अंगावर भरपूर पाणी घ्या.
- श्वास घ्यायला त्रास होत असेल तर १०८ ला फोन करा. काय-काय मिसळलं होतं ते डॉक्टरांना सांगा.
- थोडा वेळ बरं वाटलं म्हणून गप्प बसू नका. दम लागणं काही तासांनीही वाढू शकतं.

७. विकत घेताना आणि ठेवताना

काही गटांतून विचारणा आली की बाटल्यांपेक्षा ॲसिडचा कॅन आणू, पाणी घालू आणि वाटून घेऊ, स्वस्त पडेल. असं करू नका. कारखान्यात वापरायचं दाट ॲसिटिक ॲसिड ९९ टक्क्यांच्या आसपास असतं. दिसायला तेही पाण्यासारखंच. पण त्याने कातडी भाजते, त्याची वाफ डोळ्यांत गेली तर डोळ्याला इजा होते आणि एखाद्याने घोटभर प्यायलं तर घसा-अन्ननलिका आतून जळते. ते पातळ करणं हे घरच्या ओट्यावर करायचं काम नाही. खाण्याचं व्हिनेगर म्हणून सीलबंद मिळणारी बाटलीच घ्या. तिच्यावर एफएसएसएआयचं चिन्ह, परवाना क्रमांक, ॲसिडचं प्रमाण आणि तारीख बघा. सुटं, बिनलेबलचं घेऊ नका.

व्हिनेगर असो, ॲसिड असो की ब्लीच, ते थंड पेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत काढून ठेवू नका. लेकरू तहानलेलं आलं की बाटली बघतं, आतलं काय ते बघत नाही. कीटकनाशकाचे रिकामे डबेही कशासाठी वापरू नका. व्हिनेगर वरच्या फळीवर आणि ब्लीच दुसऱ्या जागी, असं लांब-लांब ठेवा. कोणी ॲसिड प्यायलं तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी पाजू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

८. कशाला जपायचं?

पैठणी, जरीची साडी, रेशमी वस्त्र यांना घरी व्हिनेगर नको. जरीतलं तांबं-चांदी काळवंडू शकतं. पितळी हूक, धातूच्या टिकल्या, खरे मोती आणि शिंपल्याची बटणं असलेले कपडेही त्यात भिजवू नका. नाडीचं आणि कमरेचं इलॅस्टिक वारंवार भिजलं तर सैल पडतं. कुठलाच कपडा रात्रभर ठेवू नका.

घरात मशीन असेल तर प्रत्येक धुण्याला त्यात व्हिनेगर ओतू नका. आतल्या रबरी भागांना ते वरचेवर सोसत नाही. कपडे मशीनमधून काढल्यावर बादलीत शेवटचं पाणी द्या.

आणि हो, शहाबादी फरशीवर व्हिनेगर सांडू देऊ नका. शहाबादी हा चुन्याचाच दगड. भांड्यातला पांढरा थर जसा आंबटाने विरघळतो तशी ती फरशीही वरून खाल्ली जाते आणि खडबडीत होते. कोटा फरशी आणि संगमरवराचंही तसंच. सांडलंच तर लगेच पाणी ओता.

९. हिशेब

गटात आपण पैशांचा हिशेब शिकलो, तो धुण्यालाही लावू. ५०० मिलीची बाटली, एका वेळेला ५० मिली, म्हणजे १० वेळा पुरते. बाटलीचा भाव भागिले १०, हा एका बादलीचा खर्च. समजा बाटली ५० रुपयांना मिळाली तर बादलीला ५ रुपये. रोज टाकलं तर महिन्याला १५० रुपये. फक्त टॉवेल, चादरी आणि पांढऱ्या कपड्यांना महिन्यातून ४ वेळा वापरलं तर २० रुपये. तुमच्या गावातला भाव घालून हाच हिशेब करा आणि मग ठरवा.

खर्च वाचवायचे आणखी मार्ग आहेत. साबण मोजून लावा, जास्त साबणाने कपडा जास्त स्वच्छ होत नाही, थर मात्र जास्त बसतो. खळबळायला एक पाणी जास्त द्या. पत्र्यावरचं पावसाचं पाणी पहिल्या दोन-तीन सरी सोडून पिंपात साठवा. आणि ऊन तर फुकटच आहे.

बैठकीत करायचं काम

१. हळदीचा प्रयोग आणि दोन बाटल्यांचा प्रयोग करा. निरीक्षण गटाच्या वहीत लिहा.

२. प्रत्येकीने घरी जाऊन बघायचं: व्हिनेगर, ॲसिड, ब्लीच, टीसीएल पावडर कुठे ठेवली आहे? कशाच्या बाटलीत आहे? लेकराचा हात पोहोचतो का? पुढच्या बैठकीत सांगायचं.

३. चर्चेचे प्रश्न: आपल्या घरी फवारणीचे कपडे कोण धुतं? त्या बाईकडे हातमोजे आहेत का? नसतील तर गटाने एकत्र आणायचे का?

४. ग्रामपंचायतीकडून पाणी तपासणीचा अहवाल मागा आणि त्यातला 'एकूण कठीणपणा' वाचून दाखवा.

५. ज्यांना वाचता येत नाही त्या घरांसाठी ब्लीचच्या डब्यावर लाल रंगाची आणि व्हिनेगरच्या बाटलीवर निळ्या रंगाची चिंधी बांधा. 'लाल आणि निळं एकत्र नाही' हे घरातल्या सगळ्यांना, पोरांनाही, सांगून ठेवा.

पाचही कामांपैकी वेळ कमी पडला तर दुसरं आणि पाचवं आधी करा. दसऱ्याची साफसफाई सुरू व्हायच्या आत ही दोन कामं प्रत्येक घरात झालेली असावीत. पुढच्या बैठकीला येताना तुमच्या वह्या सोबत आणा, कोणत्या गावचं पाणी किती जड निघालं ते आपण एकत्र बघू.

— तुमची क्षेत्र समन्वयक